एक तुकडा कमी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी थाळी आहे, पण मला जेवणाची थाळी समजू नका हं. मी चर्चमधली. महिन्यातून एकदा येशूच्या आठवणीत प्रभुभोजन असतं, तेव्हा पावाचे तुकडे माझ्यातून वाटतात.

एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. नव्याची नवलाई होती तोवर माझं भारी कौतुक झालं. मग स्टीलची चकचकीत थाळी आली आणि मी चार वर्षं मेणबत्त्यांच्या खोक्याखाली पडून राहिले. ती स्टीलची कुणीतरी लग्नाला उसनी नेली, ती गेलीच. तेव्हा कुठे सगळ्यांना माझी आठवण झाली!

मला घासायच्या मोजणीकाकू. त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे. मंडळीच्या यादीत जितकी नावं, तितकेच तुकडे त्या कापायच्या. कधी एक उरला नाही की एक कमी पडला नाही. त्यांना याचा केवढा अभिमान! मलाही होता, खोटं कशाला बोलू?

मग एक इस्त्रीवाली आमच्याकडे येऊ लागली. नवरा तुरुंगात, त्यामुळे लोकांची कुजबुज चालायची. अर्ध्या मंडळीचे रविवारचे कपडे तिच्याच हातचे, पण दाराजवळच्या बाकावर तिच्या शेजारी कुणी बसत नसे. बाप्तिस्मा दुसऱ्या गावी झालेला. आधीच्या चर्चने तिला दार दाखवलं होतं, दोन वर्षं तिला प्रभुभोजन मिळालं नव्हतं. तिने भीत भीत पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना विचारलं, मी घेऊ का?

पाळक म्हणाले, "मेज प्रभूचं आहे, बाई. त्याने बोलावलंय, मी कोण अडवणार?"

त्यांनी काकूंना एक तुकडा जास्त कापायला सांगितलं. काकूंनी कापले नेहमीइतकेच. यादीत नाव नाही, तर तुकडा नाही, असं पुटपुटत त्यांनी सुरी पुसली. वाटप पुढच्या रांगेपासून व्हायचं, म्हणजे दाराशी पोचेपर्यंत मी रिकामी होणार आणि बाई काय ते समजणार. मला फार वाईट वाटलं, पण थाळीचं कोण ऐकतं?

त्या रविवारी पाळकांनी मला उचललं आणि सरळ दाराकडे नेलं. इस्त्रीवालीने पहिला तुकडा घेतला. सगळ्यांना मिळाल्यावर एकदम खायची आमची रीत, म्हणून ती तो हातात धरून बसली. मी रांगेरांगेने पुढे सरकले. शेवटी पहिल्या बाकावर काकूंपुढे आले, तेव्हा माझ्यात काहीच नव्हतं.

काकूंचा चेहरा पडला. पाळकांना उलगडा झाला.

तेवढ्यात इस्त्रीवाली उठून पुढे आली. तिने आपल्या तुकड्याचे दोन भाग केले आणि एक माझ्यात ठेवला.

"घ्या काकू. पुरेल दोघींना."

"मी तुझा कापलाच नव्हता गं," काकू म्हणाल्या.

"असू दे. हक्काचा तो माझाही नव्हता. प्रभूने दिला म्हणून मिळाला."

काकूंनी तो अर्धा तुकडा घेतला आणि रडत रडत खाल्ला. आता त्या दाराजवळच्या बाकावर बसतात, इस्त्रीवालीच्या शेजारी.

मित्रांनो, मला जरूर घासा, जपा. पण दारात कुणी परकं उभं असेल, तर वाढायला तिथूनच सुरुवात करा. देवाच्या घरी यजमान तो एकटाच, आपण सगळे पाहुणे.