समईसारखी घासलेली पुंगळी

मी रायफलच्या काडतुसाची जुनी पितळी पुंगळी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, तोंडाची फटकळ आहे. गोळी उडते आणि नाव तिचं होतं. बंदुकीतला सगळा दणका सोसून मागे राहते ती मी! त्या गोळीला अक्कल कसली? नुसती पळत सुटते.

कुवेतमधल्या एका नेमबाजी क्लबात मला पुन्हा पुन्हा भरतात. धुतात, साच्यात दाबून मापात आणतात, लांबलेलं तोंड कापतात, मग नवी दारू आणि नवी गोळी. दर खेपेला मी ताणली जाते, बुडाशी पातळ होते. तिथे फिकट कडं उमटलं की समजावं, हिचे दिवस भरले. माझ्यावर ते उमटलं होतं.

पण आम्हाला तयार करायचं काम होतं क्लबातल्या नीलेशकडे. चिपळूणचा हा गृहस्थ, आणि त्याला वेड एकच, चमक! चिंचेच्या कोळाने आम्हाला घासघास घासायचा. "बघा, तोंड दिसतंय!" म्हणून मिरवायचा, आणि बघणारेही माना डोलवायचे. एकेक दीडशहाणे! त्या घासण्यात माझं कडंही पुसलं गेलं. आत डोकावायला मात्र याला सवड नाही. असा संताप यायचा मला!

एका शुक्रवारी कुवेतमधल्याच रुमैथिया भागातून नूरबानू सरावाला आली. मूळची रत्नागिरीची. ती आपली काडतुसं स्वतः भरते. तिने मला उचललं.

"नीलेशभाऊ, वाकडी तार कुठंय?"

"तार कशाला, ताई? समईसारख्या लख्ख केल्यात!"

"समई मी गालाला लावून पेटवत नाही."

तिने तार माझ्या आत फिरवली. बुडाशी, पातळ झाल्याने आतून पडलेल्या खाचेत, ती अडकली.

"ही फाटायला आलीय. डोळा गेला असता माझा."

"बाहेरून काही दिसत नव्हतं हो."

"तुम्हीच घासून घालवलंत की! आणि सकाळी भरलेल्या काडतुसांचा डबा? त्यातल्या पुंगळ्या तपासल्या होत्या?"

नीलेश पांढराफटक पडला. तो डबा मैदानावर गेला होता. चिंचेने बरबटलेल्या हातांनी तो धावत सुटला. "थांबा! कुणी उडवू नका! थांबा!"

बार थांबले. डबा परत आला, आणि त्यातल्या किती बाद निघाल्या, हे सांगायचीही मला लाज वाटते.

मला नूरबानूने पकडीने चेपून टाकलं. बरंच झालं. मित्रांनो, वस्तू घासा, पुसा, माझी ना नाही. पण त्या माणसाला पहिल्यांदा खरी काळजी वाटली, ती तो धावत सुटला तेव्हा. तेवढी तुम्हाला आधीच वाटू द्या.