फिटलेलं कर्ज

गौरीनं न्हाणीघराचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थांबली. कोपऱ्यात तिनं हप्त्यावर घेऊन दिलेली वॉशिंग मशीन नव्हती. तिच्या जागी फरशीवर एक पांढरट चौकोन उरला होता आणि त्यावर पाण्यानं भरलेली घागर ठेवलेली होती.

"आई, मशीन कुठाय?"

बनाबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीत क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

"दुरुस्तीला दिली. पाणीच ओढंना झाली."

"कुणाकडं?"

"तुज्या बाबांनी नेली. मला काय म्हाईत."

वडील बाहेर ओसरीवर खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. गौरीनं त्यांनाही तेच विचारलं.

"मुरुमच्या मामाकडं दिली," मान वर न करता ते म्हणाले. "त्यांच्या सुनंला लेकरू झालंय. धुणं लई पडायलंय."

गौरी दारात दोघांच्या मध्ये उभी राहिली. खांद्यावरची पिशवीही तिनं अजून खाली ठेवली नव्हती. सकाळी धाराशिवहून निघताना तिनं सगळं नीट ठरवलं होतं. चार वाजता टेम्पो येणार होता. ती ज्या खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करायची, तिथला कँटीनवाला शिवानंद मशीन दहा हजाराला घ्यायला तयार झाला होता. दोन हजार विसार त्यानं परवाच दिला होता आणि तो त्याच संध्याकाळी तिच्या मोबाईलच्या हप्त्यात गेला होता. उरलेले आठ हजार फोनवरून घेतलेल्या कर्जाला जायचे होते. वसुलीचे फोन बारा दिवसांपासून येत होते. आता तर ती रिपोर्ट लिहीत असतानाही यायचे.

आठवडाभर ती कोऱ्या रिपोर्टच्या पाठीवर बेरीज करत होती. मशीनचे पाच हप्ते, मोबाईलचे चार, फोनवरचं कर्ज, मैत्रिणीचे पाच हजार. दर वेळी आकडा वेगळा यायचा. कधी मैत्रिणीचे धरायचे राहून जायचे, तर कधी तेच दोनदा धरले जायचे. दोन वर्षांत तिनं स्वतःसाठी दोन ड्रेस घेतले होते. मग पैसे जातात कुठं, हे तिला खरोखरच कळत नव्हतं.

"बाबा, मशीन परत आणा," ती म्हणाली. "चार वाजता टेम्पो येणार आहे. मी ती विकलीय."

वडिलांच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. आतून बनाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली.

"तू विकलीस?" तिनं विचारलं.

"हो."

बनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यांनी टरफलं एका बाजूला सारली, पुन्हा मध्ये ओढली.

"आमी बी विकली," ते म्हणाले.

गौरीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"मिरगाच्या तोंडावर एक माणूस आला होता गाडीवर," वडील सांगू लागले. "इस्त्रीचे कपडे, गळ्यात पट्टा. भर गल्लीत उभं राहून त्यानं तुजं नाव घेतलं, माजं घेतलं अन् थकबाकीचा आकडा मोठ्यानं सांगाय लागला. शेजारची मान्सं बाहीर आली. म्या त्याला घरात घेतलं. म्हणलं, बाबा, पाणी पी अन् हळू बोल."

"च्या बी पाजला," बनाबाई म्हणाली.

"दुसऱ्या दिवशी मशीन दिली. किराणावाल्या कल्याणप्पाला, नऊ हजाराला. आठ हजार सहाशे चाळीस त्या माणसाला भरले. पावती घेतलीय. पेटीत हाय."

"मला का नाही सांगितलं?"

"आता काय सांगायचं," वडील अवघडून म्हणाले. "तुला चाळीस हजार पगार. आमाला वाटलं, कामाच्या घाईत भरायचं इसरली असशील. त्यात तुला कशाला खजील करायचं."

गौरी खाटेच्या कडेला बसली. मृगाच्या सुमारास पहिल्या कर्जाच्या वसुलीचे फोन एकाएकी बंद झाले होते, ते तिला आठवलं. तिनं भीत भीत मोबाईलवर खातं उघडून पाहिलं होतं. बाकी शून्य आणि पुढं हिरवी खूण. त्यांच्या कॉम्प्युटरची काहीतरी चूक झालीय, असं समजून दोन दिवस ती गप्प राहिली. मग ते नशीब मानलं. चौथ्या दिवशी संदेश आला: कर्ज फेडल्याबद्दल अभिनंदन, आता आपल्याला पंचवीस हजार मिळू शकतात. गल्लीत ज्याच्या-त्याच्याकडं मोठा टीव्ही आला होता आणि वडील बातम्या बघायला दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसायचे. तिनं बटण दाबलं होतं आणि दुकानातून टीव्ही परस्पर घरी पाठवला होता.

तिची नजर उघड्या दारातून आत, भिंतीवरच्या त्या टीव्हीवर गेली आणि तिथून लगेच निघाली. हे त्यांना सांगावं की नाही, तिला ठरवता येईना. कुणी कुणाचं फेडलं आणि कोण कुणामुळं बुडालं, याचा दोराच सापडत नव्हता. सांगायला गेली ती भलतंच सांगून बसली.

"बाबा, चाळीस नाहीत."

"काय?"

"पगार. चाळीस नाही. सतरा हजार पाचशे आहे."

नोकरी लागली त्या दिवशी नळावरच्या बायांनी विचारलं होतं आणि तिच्या तोंडून चाळीस निघून गेलं होतं. बनाबाईनं तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते. त्यानंतर तो आकडा मागं घ्यायला एकही दिवस बरा सापडला नव्हता.

वडील हातातल्या शेंगेकडं बघत राहिले.

"सतरा," ते म्हणाले.

"सतरा हजार पाचशे."

"मग तू खातीस काय तिथं?"

खोटं का बोललीस, एवढे पैसे उडवलेस कुठं, या सगळ्याची उत्तरं तिनं येताना बसमध्ये जुळवून ठेवली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता.

"डबा लावलाय."

"दोन टायमाचा?"

गौरीनं खांद्यावरची पिशवी आता खाली ठेवली. बनाबाई आत गेली. तव्यावरची भाकर एका बाजूनं करपली होती, ती तिनं बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

गौरीनं शिवानंदला फोन लावला.

"शिवानंददादा, टेम्पो पाठवू नका. मशीन नाही."

"नाही म्हणजे? परवा तर घरी हाय म्हणालीस."

"आहे असं मला वाटत होतं. तुमचे दोन हजार पगार झाला की देते. एकदम नाही जमले तर हजार हजार देते."

पलीकडं कँटीनची भांडी वाजत होती. "बघ बाई," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

बनाबाईनं ताट आणून पुढं ठेवलं, तेवढ्यात गल्लीतून पंचशीलाआत्या आली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. चार घरं सोडून राहायची. हातात लेकीच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता.

"गौरे, आलीस व्हय? लई बरं झालं." पायरीखालीच उभं राहून ती बोलू लागली. "तुज्या बहिणीची पत्रिका छापून आली बघ. नवरीचं कपाट तुज्याकडं धरलंय म्या. आरशाचं घे, तसलं साधं नगं."

"हो आत्या, मी..." गौरीच्या तोंडून सवयीनं निघालं.

"तिचा पगार सतरा हजार हाय," वडील म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. आवाज घरात बोलायचा नव्हता. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या बाईनं मान वर केली.

"महिन्याचा?" आत्यानं विचारलं.

"महिन्याचा. अन् ह्ये समदं हप्त्यावर हाय."

गौरीचे कान तापले. भाकरीचा मोडलेला तुकडा तसाच हातात राहिला. वडिलांचा राग यावा की त्यांच्या पाया पडावं, तिला कळेना. गल्लीत आता सगळ्यांना कळलं होतं आणि तरीही समोरची बाई पुन्हा तांदूळ निवडायला लागली होती.

आत्या दोन पायऱ्या चढून वर आली आणि खाटेवर टेकली. पत्रिकांचा गठ्ठा तिनं मांडीवर ठेवला. ती सगळ्यांत वरच्या पत्रिकेवर बोट फिरवत राहिली, जिथं नवऱ्या मुलाचं नाव होतं.

"गुलाब," ती भावाला एकदम हळू आवाजात म्हणाली, "जावयाचा पगार तीस हजार सांगितलाय रं त्यांनी."

बनाबाई आत गेली आणि तिनं फडताळातून आणखी एक ताट काढलं.