अंधारात ठेवलेली बेंबी

मी फ्लॅश बोलतोय. मोबाइलच्या पाठीवर टिकलीएवढा असतो तो नव्हे हां, त्याचं नाव माझ्यासमोर काढू पण नका. मी स्टुडिओतला. स्टँडवर उभा राहणारा, लोखंडी अंगाचा. माझ्या पोटात वीज भरते, भरली की मी 'टीं' करतो, आणि बटण दाबलं की फाट्. म्हणजे बघा, माझा धंदाच असा, राग साठवायचा आणि एकदम समोरच्याच्या तोंडावर फोडायचा. समोरचा वर आणि थँक्यू म्हणतो.

जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला, त्यातलं काय आठवत नाय. पहिली मालकीण ऑकलंडची. ती नुसती बाळांचे आणि मांजरांचे फोटो काढायची. लय कंटाळलो. मग तिचा स्टुडिओ बसला, आणि कुणाच्यातरी जुन्या फ्रिजच्या आणि सोफ्याच्या मधी कोंबून मला बोटीनं आपियाला, भर समुद्रातल्या एका बेटावरच्या शहरात, पाठवलं. इथं मला आउकुसोनं उचललं.

आउकुसो म्हणजे माझा दुसरा मालक. बाजारामागं टायरवाल्याच्या दुकानावर त्याचा स्टुडिओ. माणूस दाराएवढा रुंद, आणि बोलणं मात्र एकदम मऊ. फोटो तो काढायचा, पण दुकान खरं चालवायची त्याची बायको, फेतुआओ. नवरीची हनुवटी धरून फिरवायची, म्हाताऱ्यांच्या पाठीत गुडघा लावून ताठ करायची, रडक्या पोराच्या तोंडात पाव कोंबायची. मी पण काय कमी नव्हतो. पाद्रीबाबा जांभई द्यायला लागले की मी आपोआप उडायचो. बॉक्सर लोक छाती फुगवून यायचे, त्यांना मुद्दाम दोनदा थांबवायचो, तिसऱ्यांदा श्वास सुटला की फाट्. भिंतीवर सगळे ढेरपोटे.

पण आमची खरी इज्जत होती पेआच्या फोटोत. पेआ म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं गोंदण. हाडाची दातेरी फणी शाईत बुडवायची, कातडीवर ठेवायची आणि दांडक्यानं ठोकायची. ठक ठक ठक, दिवसच्या दिवस. एकजण रक्त पुसतो, दुसरा कातडं ताणून धरतो. गडी ताप येऊन बडबडतो, पाय सुजून त्याला बसता येत नाय. शेवटचा घाव बेंबीवर. बेंबी गोंदली की माणूस पुरा. मधनंच उठून पळाला तर तो मरेपर्यंत अर्धा, आणि त्याच्या अख्ख्या घराण्याची मान खाली.

म्हणून पुरा झालेला गडी थेट आमच्याकडं यायचा. अंगाला खोबरेल, लुंगी वर खोचलेली. आणि पेआचा फोटो कुणीपण बघू दे, शेंबडं पोर असो नाय तर म्हातारी, आधी बेंबी बघणार. मग चेहरा.

एका दुपारी पेसामिनो आला. रग्बी खेळणारा, खांदे हे एवढे. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत जिन्यावरच उभा राहिला. मग आत येऊन त्यानं लुंगी वर घेतली. डावी मांडी काळीभोर, सुंदर. उजवी मांडी कोरी. पोट कोरं. बेंबी कोरी.

इथं गोंदायला दोघं दोघं बसतात, सोबतीनं. पेसामिनोच्या जोडीला त्याच्याच गावचा वाएलुआ बसला होता. वाएलुआ पुरा झाला. हा उजव्या मांडीला आला, तापात उठला आणि किंचाळत समुद्रात पळाला. सगळ्या गावानं बघितलं. पण ह्याला वाढवणारी आजी ऑकलंडला, अंथरुणाला खिळलेली. तिला कुणी काय सांगितलं नव्हतं. ती फोनवर रोज एकच विचारायची, फोटो कधी पाठवतोस.

"एकच फोटो, काका," तो म्हणाला. "तिला तसंपण नीट दिसत नाय."

फेतुआओ तिथल्या तिथं नको म्हणाली. आउकुसो माझ्याकडं बघत होता. मी ओळखलं, गडी गेला कामातून. त्यानं डोक्यात उजेड पाडायला सुरुवात केली होती.

त्यानं मागं काळं कापड सोडलं. उजेड मऊ करणारी माझी छत्री काढून टाकली. मला डाव्या बाजूला, जरासा मागं नेऊन ठेवला. समोरून उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तक्ता लावतात ना, तो पार जिन्याबाहेर फेकला. माझ्या दोन्ही भावांना, म्हणजे बाकीच्या फ्लॅशना, विझवून टाकलं. मी एकटा. फाट् केलं तेव्हा पेसामिनोची डावी बाजू अशी उठली की शाईची रेघ न् रेघ मोजून घ्या. उजवी बाजू काळ्या कापडात बुडाली. मी खोटं बोललो नाय हां. फक्त एका बाजूला गप्प बसलो.

फोटो आजीला गेला. तिथंच संपायचं होतं.

पण फोटोवाल्यांची एक खोड असते. सगळ्यात भारी फोटो दुकानाच्या तोंडावर लावायचा, म्हणजे रस्त्यावरचं गिऱ्हाईक जिना चढतं. फेतुआओ बहिणीकडच्या मयताला गेली होती, अडवणार कोण. आउकुसोनं पेसामिनोला माणसाएवढा मोठा करून, काचेत घालून, रस्त्याकडं तोंड करून टांगला. खाली उभा राहून स्वतःच बघत बसला. त्याला फोटोत उजेड दिसत होता. बाकी सगळ्या आपियाला बेंबी दिसत नव्हती.

शनिवारच्या बाजाराला वाएलुआ आला. बसमधनं उतरला, वर बघितलं आणि नारळ विकणाऱ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बेंबी घरी विसरून आला काय हा?"

झालं. बाया हसल्या, बस हसली, टायरवाला हसला. सोमवारी खेळाच्या मैदानावर पेसामिनोच्याच संघातल्या पोरांनी त्याला चिखलात आडवा पाडला, हातापायांवर बसले आणि टायरवाल्याकडचं काळं ग्रीस घेऊन त्याच्या पोटावर बेंबी काढली. त्यानं एकाचा दात पाडला, त्यांनी त्याचं नाक फोडलं. घरी गेला तर चुलत्यानं, घराण्याच्या म्होरक्यानं, चर्चसमोर त्याच्या थोबाडीत मारल्या. पळालास ते पळालास, वर अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला फसवलंस म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोयता घेऊन आमचा जिना चढला.

आधी टांगलेला फोटो. काच फुटून खाली टायरवर पाऊस पडला. मग काळं कापड, उभं फाडलं. मग छत्र्या. मग माझा एक भाऊ, एका घावात. दुसरा स्टँडसकट आडवा पडला, त्याला त्यानं टाचेनं चिरडला. मयताहून नुकतीच परत आलेली फेतुआओ कॅमेरा पोटाशी धरून कोपऱ्यात.

"माझी लाज विकायला ठेवलीस?" तो आउकुसोला म्हणाला, आणि कोयता उचलला.

फेतुआओ मधी घुसली. कोयता तिच्या हातावर बसला, कोपरापासून मनगटापर्यंत. रक्त माझ्या काचेवर उडालं, मला सगळं लाल दिसायला लागलं. आणि आउकुसो, तो मऊ बोलणारा आउकुसो, त्यानं माझा स्टँड दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला.

मी भरलेला होतो. पेसामिनोच्या टाळक्यावर आपटलो आणि त्याच क्षणी फाट्. एवढ्या जवळून कुणाचा फोटो काढायची वेळ आधी कधी आली नव्हती. खोली पांढरी झाली, तो खाली कोसळला आणि मग हललाच नाय. खरं सांगू, मी खूश होतो. आपल्या मालकिणीला हात लावला म्हणजे काय. पण आउकुसोनं मला सोडलं, भिंतीला टेकून बसला आणि स्वतःच्याच मांडीवर ओकला.

पेसामिनो इस्पितळात पडला, डोळे उघडेना. पोलीस आले, फेतुआओचा हात बघितला, आउकुसोला सोडून दिलं. पण पोलिसांनी सोडणं वेगळं आणि त्या घराण्यानं सोडणं वेगळं. त्यांच्या पोरांनी भरलेला ट्रक रस्त्यावरनं चकरा मारायला लागला. टायरवाल्यानं दुकान बंद करून गावाकडं सूंबाल्या केला. आमच्या जिन्यावर कुणीतरी डुकराचं मुंडकं ठेवून गेलं. फेतुआओचा भाऊ म्हणाला, दाजी, बोट पकडा आणि निघून जा.

आउकुसो म्हणाला, "इफोंगा करतो." म्हणजे त्यांच्या दारात जाऊन बसायचं आणि माफी मागायची.

फेतुआओनं एका हातानं पेटी उघडली आणि आईची बारीक विणीची चटई काढली.

उजाडायच्या आत आम्ही पेसामिनोच्या घरापुढं पोचलो. आउकुसो अंगणात मांडी घालून बसला. पुढ्यात जळण ठेवलं, भट्टीचे दगड ठेवले. म्हणजे मी हा बसलोय, भाजायचं तर सामान पण मीच आणलंय. आणि जळणावर मला ठेवला. ज्यानं मारलं ते हत्यार पण त्यांच्या पुढ्यात हवं. मग त्यानं चटई डोक्यावर ओढून घेतली. आता तीच सगळं ठरवणार. त्या घरातलं कुणी येऊन चटई काढली तर माफ. नाय काढली तर ते काय करतील ते. आणि हा उठून पळाला तर माफी कायमची बंद.

जराशानं फेतुआओ आली आणि वाकून चटईखाली शिरली. आतनं कुजबूज ऐकू आली.

"तू घरी जा."

"सरक, जाड्या. चटई माझ्या आईची आहे."

उजाडलं. पोरं बाहेर आली. पहिला दगड जमिनीवर पडला, दुसरा चटईवर. आतनं हुं आला. मग मोजायचं कुणी. एकजण होडीचं वल्हं घेऊन आला आणि चटईवर हाणत सुटला, गोधडी धोपटल्यासारखा. कुठंतरी बरगडी मोडल्याचा आवाज आला, तो मला ओळखू येतो, माझा पण सांगाडा आहे. चटईच्या कडेनं रक्त बाहेर आलं आणि त्याच्यावर माशा बसल्या. आउकुसो हलला नाय. म्होरक्या चुलता ओट्यावर बसून बघत होता. तो थांबा म्हणत नव्हता आणि मारा पण म्हणत नव्हता. ऊन चढलं. वल्हंवाला दमला तेव्हा दुसऱ्यानं घेतलं.

मग एक पिकअप आली. पेसामिनो उतरला, डोक्याला हे एवढं पांढरं मुंडासं, चुलतीच्या खांद्यावर हात. आदल्या संध्याकाळी त्यानं डोळे उघडले होते आणि अंगणात कोण बसलंय हे कळल्यावर सलाईन उपटून आला होता. पोरं बाजूला झाली. त्यानं ओट्याच्या खांबात रुतवलेला नारळाचा कोयता काढला.

पावलं जवळ आली तसा चटईखालचा मोठा उंचवटा खाली वाकला. कपाळ जमिनीला टेकलं असणार. आणि लहान उंचवटा त्याच्यावर सरकला. फेतुआओनं आपला टाके घातलेला हात त्याच्या मानेवर ठेवला होता. पडलाच कोयता तर आधी तिच्यावर पडावा म्हणून.

पेसामिनोनं चटईकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"हाच ना?"

"हाच," चटईखालनं आउकुसो म्हणाला.

कोयता खाली आला. माझ्यावर. पहिल्या घावात वायर तुटली. दुसऱ्यात काच. तिसऱ्यात माझं कवच उभं चिरलं, आतली वीज साठवायची डबी बाहेर लोंबायला लागली. दुखलं का? लय. पण मला ते सगळं दिसत होतं. तो दातओठ खाऊन मला तोडत होता आणि रडत होता. मी पार जळणात मिसळलो तेव्हा त्यानं कोयता टाकला. चुलत्याकडं बघितलं. चुलत्यानं मान हलवली, एवढीशीच.

पेसामिनोनं चटई ओढून काढली.

"उठा, काका," तो म्हणाला. "कोको प्यायला चला, निवतोय."

आउकुसोला उठता आलं नाय. ज्या पोरानं वल्हं चालवलं होतं त्यालाच त्याला उचलून ओट्यावर न्यावं लागलं.

मला तिथंच टाकून गेले. सध्या मी ह्या घराच्या मागच्या बाजूला असतो. माझ्या फुटक्या डोक्यात एक तांबडी कोंबडी अंडी घालते. ऊबदार आहेस म्हणते. काय दिवस आले.

परवाच्या रविवारी आउकुसो आला, बरगड्यांना पट्टा बांधून. गळ्यात कॅमेरा, बरोबर उजेड कसलाच नाय. भर दुपारी, ज्या उन्हाला तो जन्मभर शिव्या घालत आला त्या उन्हात त्यानं पेसामिनोला उभं केलं. लुंगी वर. डावी मांडी, उजवी मांडी, पोट, बेंबी, डोक्यावरचे टाके, सगळं उघडं. माझं काम त्या सूर्यानं फुकटात केलं आणि तेपण गचाळ. मला कुणी विचारलं नाय.

फोटो ऑकलंडला गेला. आजीनं फोन केला, सगळे ओट्यावर फोनभोवती गोळा झाले. पेसामिनोनं तिला सगळं सांगितलं, ताप, समुद्र, पळणं, पहिला फोटो.

"मांडीचं नंतर बघू," म्हातारी म्हणाली. "टाळकं कुणी फोडलं ते सांग."

सगळ्यांनी आउकुसोकडं बघितलं. आउकुसोनं फोन हातात घेतला आणि त्या बाईनं त्याला अशा शिव्या घातल्या की चुलता उठून अंगणात गेला. आउकुसो जी आजी, हो आजी करत राहिला. मी इकडं कोंबडीखालनं ओरडत होतो की मी फोडलं, मी, श्रेय मला द्या. ऐकतंय कोण.

तर मंडळी, माझं संपलं. ही तुटलेली वायर आता कुणी जोडणार नाय आणि जोडलीच तर ही कोंबडी भाजेल. माझ्यासाठी काय मागत नाय. फक्त आउकुसो परत दुकान मांडतोय, काळं कापड त्यानं आणलंय, फेतुआओ एका हातानं भिंत रंगवतेय. उजेड लागेल त्यांना. तुमच्या माळ्यावर माझ्या जातीचं कुणी धूळ खात पडलं असेल तर पाठवून द्या. त्याला सांगा, काम भरपूर आहे. मालक जिवंत आहे.