उजव्या बाहीचं माप

आजोबांच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसत, खांदे राहत. चाळीस वर्षं शर्ट शिवण्यात गेली, ती बहुतेक माणसांच्या पाठीमागे उभं राहून. त्यामुळे गिऱ्हाईक रस्त्यात समोरून आलं तर आजोबा ओळख न देता सरळ निघून जात, आणि ते चार पावलं पुढे गेलं की मागून हाक मारत. म्हणूनच नऊ वर्षांनी परक्या देशातल्या विमानतळावर मुलगा समोर आला तेव्हा चेहऱ्यावरून पटलेली ओळख, तो पाठ करून चालू लागल्यावर जराशी सैल झाली, याचं त्यांना नवल वाटलं. मुलाने त्यांची जड बॅग उजव्या हाताने उचलली आणि हात सरळ ताणून गाडीच्या डिकीत ठेवली.

तो हात सरळ होत नसे. सात वर्षांचा असताना झोपाळ्यावरून पडून कोपरात मोडला होता, हाड वाकडं बसलं होतं, आणि तेव्हापासून तो डाव्यापेक्षा इंचभर आखूडच राहिला होता. इकडे डॉक्टर काय वाटेल ते दुरुस्त करतात, अशी आजोबांनी मनाची समजूत घातली आणि मागच्या सीटवर नातीशेजारी जाऊन बसले.

घरात काही कमी नव्हतं. सून चहा आठवणीने कमी गोडाचा करी, मुलगा ऑफिसातून आला की आधी त्यांच्या खोलीत डोकावे, आणि सहा वर्षांची नात, जिला सगळे टिकली म्हणत, ती तर त्यांच्या मागेमागेच असे. "आजोबा, तुम्ही दुपारी झोपेत पण कात्री चालवता," ती सांगे, "मी बघितलं. माझी उशी कापू नका हं." त्यांना करमावं म्हणून खिडकीपाशी शिवणयंत्रही आणून ठेवलं होतं. इतकी सरबराई आपल्या पोराच्या स्वभावात कुठून आली, हा प्रश्न आजोबांना दोनदा पडला आणि दोन्ही वेळा त्यांची त्यांनाच लाज वाटली. बायको गेल्यापासून या एका पोराशिवाय त्यांचं जगात कुणी उरलं नव्हतं. त्याच्याकडे असं डोळे बारीक करून पाहणं बरं नव्हे.

त्यांनी निळ्या रेघांचं कापड बरोबर आणलं होतं. शनिवारी सकाळी टेप गळ्यात घालून ते म्हणाले, "ये, माप घेतो."

"माप कशाला, बाबा? तुमच्या वहीत आहे की."

"नऊ वर्षांपूर्वीचं आहे ते."

"तेच असेल."

सून हसली. "घ्या हो, बाबा. ह्यांचं वजन तसूभरही हलत नाही. मी मात्र सगळ्या घराच्या वाटणीचं वाढवून घेते."

दोन वर्षांपूर्वी मुलाचा तीन महिने फोन आला नव्हता. मग एक दिवस आला, आवाज अगदी स्वच्छ, आणि ख्यालीखुशालीच्या आधी त्याने वहीतल्या त्याच्या मापाच्या पानाचा फोटो मागितला होता, इथे एक कोट शिवायचाय म्हणून. शेजाऱ्याच्या हातापाया पडून आजोबांनी तो पाठवला होता आणि दिवसभर खूश होते. आता त्यांना ते आठवलं आणि टेप धरलेला हात क्षणभर थांबला.

गळा साडेपंधरा. खांदा साडेसतरा. छाती अडतीस. माणूस सकाळी एक भरतो, संध्याकाळी एक, जेवल्यावर आणखीच वेगळा. इथे नऊ वर्षांत सूतभराचाही फरक नव्हता. आजोबांनी डावा हात मापला. चोवीस. मग उजवा मापला, टेप सरकली असेल म्हणून पुन्हा मापला. चोवीस.

वहीतही चोवीसच होतं. बाहीचा आकडा एकदाच लिहायची पद्धत असते, आणि पोटच्या पोराचा आखूड हात कुठला बाप वहीत मांडून ठेवील? ते त्यांच्या कात्रीला ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं. वही वाचणाऱ्याला मात्र ते कळायचं काही कारण नव्हतं.

"हाताचं ऑपरेशन केलंस का रे?" त्यांनी टेप गुंडाळत, जमेल तितकं सहज विचारलं.

"नाही, बाबा." मुलगा मनापासून बुचकळ्यात पडला होता. "हाताला काय झालंय?"

सुनेने भाजी निवडायची थांबवून वर पाहिलं.

आजोबांनी टेप खिशात घातली. आठवडाभर त्यांनी कापड बेतलंच नाही. टिकली रोज विचारी आणि ते रोज यंत्राला नावं ठेवत. हा आपला मुलगा नसेल तर आपला कुठे आहे, हा विचार आला की ते उठून कापडाची घडी पुन्हा घालत. कुणाला विचारायचं? विचारायला याच घरातली माणसं होती. शेवटी शुक्रवारी ते खडू घेऊन बसले आणि डावी बाही चोवीस, उजवी तेवीस, अशी जन्मभर बेतली तशीच बेतली. त्याचा हात कफातून इंचभर बाहेर आला की निदान खात्री तरी होणार होती. पुढचं पुढे.

रविवारी नाश्त्याच्या वेळी मुलगा तो शर्ट घालून बाहेर आला.

"छान दिसतोयस, पप्पा!" टिकली ओरडली.

आजोबा चष्मा पुसून उठले. "सरळ उभा राहा. हात खाली सोड."

दोन्ही कफ मनगटाच्या हाडावर नेमके टेकले होते. उजवा हात कोपरात थोडा वाकून राहिला होता, आणि त्याची बोटं डाव्या बोटांपेक्षा इंचभर वर लोंबत होती.

मुलगा बाही न्याहाळत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लबाडीही नव्हती. होती ती थोडी ओशाळलेली माया.

"चूक होती तर आधीच सांगायचं ना, बाबा," तो म्हणाला. "उगाच आठवडाभर मनात ठेवलंत." मग त्याने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "अजून काही राहिलंय का?"

टिकलीने चमचा खाली ठेवला. तिघंही त्यांच्याकडे बघत होती, कुठलीच घाई नसल्यासारखी.

आजोबा दाराकडे पाहत राहिले. बाहेर सायकलवरून कुणीतरी घंटी वाजवत गेलं. मग ते हळूच खुर्चीत बसले, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि घसा खाकरला.

"तो लहानपणी माझ्यावर रुसला की..." ते म्हणाले आणि थांबले. मग समोरच्या उजव्या बाहीकडे पाहत त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "तू लहानपणी माझ्यावर रुसलास की..."

सुनेने एक कोरी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.