हसरा फोटो चालत नाही

"कान कुठायत?"

खिडकीपलीकडची तरुणी बावचळली. तिनं दोन्ही हातांनी कान चाचपले. "आहेत की!"

"तुमचे आहेत हो. फोटोतले कुठायत? सगळे केसांखाली. परत काढून आणा." आणि बाईंनी लाल मार्कर उचलून फोटोवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली, मग उलट्या बाजूनं दुसरी. झाली फुली. एकदा फुली मारली की तोच फोटो दुसऱ्या अर्जाला चिकटवायची सोय उरत नाही, म्हणून हा नियम; फोटो मग अर्जासकट कार्यालयातच राहतो.

ओळखपत्र कार्यालयातली ही चार नंबरची खिडकी. तीन नंबरला कागद तपासायचे, पाचला ठसे घ्यायचे, आणि मध्ये चारवर फोटो. बाई या खुर्चीवर बावीस वर्षं बसत होत्या. रांगेतले लोक त्यांना फुलीबाई म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. म्हणेनात का! जोवर माणसं स्टुडिओत जाऊन फोटो काढत होती तोवर दिवसाला चार-पाच फुल्या पुरायच्या. प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि उठसूट प्रत्येक जण फोटोग्राफर झाला. कुणी गॉगल लावून, कुणी गाडीच्या आरशात बघून. एकानं तर सहलीच्या घोळक्यातून स्वतःला कापून आणलं होतं, खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच ठेवून. "हा हात कुणाचा?" असं बाईंनी विचारलं तर म्हणतो, "साडूचा आहे, चालेल ना?"

डोक्याला ताप काय कमी होता, म्हणून वरून नवीन परिपत्रक आलं. फोटो नाकारताना नुसतं 'अमान्य' लिहायचं नाही. आधी फोटोतली एक चांगली गोष्ट लिहायची, मग 'विधायक सूचना' करायची. कमीत कमी दहा शब्द.

"साहेब, 'कान झाकलेत' एवढं लिहिलं की काम भागतं," बाई तणतणत साहेबांच्या टेबलाशी गेल्या होत्या. "उरलेले आठ शब्द कुठून आणू, घरून?"

"बाई, लोकांना बरं वाटलं पाहिजे हो. तक्रारी येतात. आधी गोड बोला, मग नाकारा."

"म्हणजे केसानं गळा कापायचा."

साहेब हसले. बाईंना हसू आलं नाही. तेव्हापासून त्या प्रत्येक चिठ्ठीवर 'उजेड चांगला आहे' असं लिहायच्या. अंधारातल्या फोटोवरसुद्धा. ही खोड पुढे घरापर्यंत पोचली. हॉस्टेलवरून लेकीनं नव्या ड्रेसमधला फोटो पाठवला, तर बाईंनी उत्तर दिलं, 'उजेड चांगला आहे. डावा कान दिसत नाही.' त्यानंतर पंधरा दिवस लेकीचा एकही फोटो आला नव्हता.

अशात शिंपीकाका आले.

वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंगात स्वतःच शिवलेला शर्ट, गळ्यात विसरून राहिलेला टेप. अर्ज बायकोचा होता. तिचं अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेली होती. दीड वर्ष ती पलंगावरच होती. आडव्या माणसाला कार्यालयात आणायची गरज नाही, ठसे घरी जाऊन घेतात, फोटो नातेवाइकानं आणला तर चालतो. पण फोटो नियमातच बसला पाहिजे.

"एक तारखेपासून नवीन कार्ड नसलं तर घरी येणारी नर्स बंद होणार म्हणतात, बाई," काका म्हणाले. "मला एकट्याला तिला उचलता येत नाही. कुशीवर करायचं तर दोघं लागतात."

"मग स्टुडिओवाल्याला घरी न्या ना."

"नेला होता. त्याला बघून ती तोंड फिरवते. माझ्यासमोर नाही फिरवत."

बाईंनी फोटो पाहिला. उशीवर ही मोठाली फुलं. "काका, मागे पांढरं लागतं. ही बाग चालत नाही." मार्कर चालला. फुली पडताना काकांचा चेहरा कसनुसा झाला.

"बाई, राग मानू नका, पण आम्ही खूण करतो ती कापडाच्या उलट्या बाजूला. सुलट्या बाजूला खडू लावला तर माझा उस्ताद हातावर पट्टी मारायचा."

"इथे कपडे शिवत नाहीत, काका. पुढचे या!"

काका चार दिवसांनी परत आले. त्यांनी पांढऱ्या कापडाचा अभ्रा शिवला होता, कडेला इलॅस्टिक घालून. एक सुरकुती म्हणून नव्हती. बाईंना मनातल्या मनात कौतुक वाटलं, पण ब्लाउजही पांढरा होता. "मागे पांढरं, अंगात पांढरं, मुंडकं तेवढं तरंगतंय! गडद रंग घाला." फुली. काकांनी मान डोलावली. "बसत नाही म्हणजे उसवायचं आणि परत शिवायचं. गिऱ्हाइकावर चिडून कसं चालेल?" असं म्हणाले आणि गेले. आपण गिऱ्हाईक कधी झालो, ते बाईंना कळेना.

तिसऱ्या खेपेला मात्र बाईंचा पारा चढला. काकांनी निळ्या ब्लाउजचा नुसता पुढचा भाग शिवला होता, पाठीला बंद लावून, म्हणजे झोपल्या जागी घालता येईल. हे सगळं त्यांनी रंगवून सांगितलं आणि समोर फोटो ठेवला तो पहिलाच! तीच फुलांची उशी!

"काका, काय थट्टा लावलीय का?"

काकांनी फोटो हातात घेऊन जवळ धरला, लांब धरला. "अरे देवा. फोन दुकानात दिला, त्यानं भलताच छापला. सगळे एकाखाली एक आहेत ना त्यात."

"तुम्ही बघून नाही घेतलात?"

"मी तिच्या तोंडाकडेच बघतो हो, बाई. उशीकडे लक्ष जात नाही."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी फुली मारली आणि चिठ्ठीवर 'उजेड चांगला आहे' लिहिताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

महिना संपायला सहा दिवस होते तेव्हा काका चौथ्यांदा आले. कोपराला पट्टी बांधलेली, पण चेहरा नुसता फुललेला. फोटो त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीतून आत सरकवला.

मागे पांढरं होतं, अंगात निळं होतं, दोन्ही कान दिसत होते, सावली नव्हती. आणि म्हातारी हसत होती. अर्धंच तोंड वर गेलेलं, दुसरी बाजू जागची हललेली नव्हती, पण त्या अर्ध्यात एक पडका दात, मिटत आलेला डोळा, सगळं हसत होतं.

"वरून सरळ यावा म्हणून स्टुलावर चढलो होतो, बाई," काका सांगत होते. "स्टूल सरकलं. माझी तारांबळ बघून ही हसली, आणि पडता पडता बटण दाबलं गेलं. मी खाली आपटलो तरी हसतच होती! दीड वर्षात पहिल्यांदा हसली. मी तसाच फरशीवर बसून बघत राहिलो."

मागे तीस माणसं उभी होती. पंखा बंद पडला होता. तीन नंबरवाल्या रजेवर, म्हणून त्यांचे कागदही बाईंच्याच डोक्यावर.

"हसरा फोटो चालत नाही," बाई म्हणाल्या. "तोंड मिटलेलं लागतं. डोळे उघडे." आणि मार्कर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेला.

काका जायला वळले. बाईंनाच राहवलं नाही. चिडचिडीतसुद्धा त्यांना या माणसाचं काम व्हायला हवं होतं, सहा दिवसांत व्हायला हवं होतं. "काका, फोन आणा इकडे. तुमच्या फोनमध्ये नापास फोटोंचा हा ढीग. परत त्यातलाच कुठला तरी छापून आणाल आणि तारीख उलटून जाईल. चुकीचे फोटो ठेवायचेच नाहीत. पुसायचे."

"हा... हा राहू दे का?"

"हाच तर सगळ्यात धोक्याचा! बाकी सगळं बरोबर आहे यात. दुकानदार डोळे झाकून हाच छापेल."

काकांना ते पटलं असावं. फोन त्यांनी दिला. बाईंनी एक-एक करत सगळे फोटो पुसले, कचऱ्याच्या खणात जाऊन तिथूनही पुसले, आणि रिकामा फोन परत केला. आयुष्यात कुणाला इतकी विधायक मदत केली नव्हती, असं तेव्हा त्यांना वाटलं.

पाचवा फोटो तीन दिवसांनी आला. तोंड मिटलेलं, डोळे उघडे, नजर समोर. बाईंनी प्लॅस्टिकची मोजपट्टी लावून बघितली. हनुवटी रेषेवर, कपाळ रेषेवर.

"झाली पास?" काकांनी विचारलं.

"झाली."

"शिवण जमली म्हणायची," काका म्हणाले, आणि ठसेवाल्याला घरी बोलवायला पाच नंबरच्या खिडकीकडे गेले.

त्यानंतर चार महिने गेले. परिपत्रक जुनं झालं, पण दहा शब्द सुटले नाहीत. आणि एक दिवस रांगेतून सरकत शिंपीकाका खिडकीशी आले. गळ्यात टेप नव्हता. त्यांनी कार्ड कट्ट्यावर ठेवलं.

"हे परत द्यायचं असतं ना? मागे बारीक अक्षरात लिहिलंय."

बाईंनी कार्डाकडे पाहिलं, मग काकांकडे. "कधी?"

"आठवडा झाला. झोपेतच गेली. नर्सताई शेवटपर्यंत येत होत्या, बाई. कार्डामुळे. पाठीला एक जखम झाली नाही तिच्या." काकांनी कार्ड पुढे सरकवलं. "एक विचारू? तो हसरा फोटो होता बघा... तो आपण पुसला. दुकानदाराकडे जाऊन आलो, तो रोजच्या रोज पुसतो म्हणाला. तुमच्याकडे तो कागद असेल का?"

"दुसरे फोटो असतील ना घरी?"

"आहेत की. लग्नातला आहे, मुलं लहान असतानाचे आहेत. पण ती बोलायची तेव्हाचे ते. बोलणं गेल्यावर एकदाच हसली. आणि या कार्डावरचा फोटो बघितला की वाटतं, मीच तिला दटावून गप्प बसवलंय. खरंच बसवलं होतं. 'हसू नकोस, नापास होशील' म्हणालो होतो."

'आपण पुसला' म्हणाले काका. तुम्ही पुसला असं म्हणाले असते तर बाईंना सोपं गेलं असतं.

"बसा त्या बाकावर," त्या म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. शिपाईमामांकडून किल्ली घेऊन रेकॉर्डच्या खोलीत गेल्या. नाकारलेले अर्ज वर्षभर ठेवतात, मग यंत्रात घालून चिंध्या करतात. गठ्ठ्यावर गठ्ठे उपसले. जिकडेतिकडे लाल फुल्या, आणि त्यांच्याखाली माणसं. आणि तो सापडला. फोटोला टाचलेल्या चिठ्ठीवर बाईंचंच अक्षर होतं.

'उजेड चांगला आहे. पार्श्वभूमी योग्य. पुढच्या वेळी अर्जदाराने कृपया हसू नये.'

बाईंनी शब्द मोजले. अकरा भरले. एक जास्तच दिला होता. त्यांना स्वतःचा इतका संताप आला की ती चिठ्ठी त्यांनी तिथेच टराटरा फाडली. मग मामांच्या कपाटातलं स्पिरिट आणि कापूस घेतला, आधी दुसऱ्याच एका फोटोवर घासून बघितलं. लाल रंग निघाला, पण त्याच्याबरोबर गालही निघाला. त्यांनी कापूस टाकून दिला.

नाकारलेला फोटो परत द्यायचा नाही असा नियम आहे. नियम गेला चुलीत. बाई बाहेर बाकापाशी आल्या आणि फोटो काकांच्या हातात ठेवला.

"पुसून बघितलं काका. निघत नाही. मी... तेव्हा मी बघायला हवं होतं."

काकांनी फोटो जवळ धरला. फुलीच्या दोन्ही रेघा नेमक्या ओठांवर येऊन छेदलेल्या होत्या. अंगठ्यानं त्यांनी ती एकदा चोळली, मग चोळायचं थांबले. बराच वेळ बघत बसले.

"राहू दे, बाई," ते म्हणाले. "नापास तर नापास. हसतेय ना!"

त्यांनी खिशातून कापडाचा एक तुकडा काढला, चारी बाजूंनी दुमडून शिवलेला. येतानाच बरोबर आणला होता. फोटो त्यात गुंडाळला, वरच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

दुपारी खिडकी उघडली तेव्हा पहिलाच नंबर एका रिक्षावाल्याचा होता. फोटोत बत्तिशी दाखवून हसत होता.

"काय, चालेल ना?"

"नाही चालत. तोंड मिटून काढा." बाईंनी मार्करचं टोपण काढलं. हात सवयीनं कोपऱ्यावर गेला आणि तिथे थांबला. रिक्षावाला बघत होता. मागची रांग बघत होती.

बाईंनी फोटो उलटा केला. पांढऱ्या पाठीवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, फुली मारली. मग तो पुन्हा सुलटा करून खिडकीतून बाहेर सरकवला.

"हा घरी न्या," त्या खेकसल्या. "आणि फोनमधला पुसू नका. पुढचे या!"