एकदाच विचारलं

अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या मुलाच्या स्वयंपाकघरात शोभनाताई भेंडी चिरत होत्या, म्हणजे खरं तर भेंडीवर राग काढत होत्या. डब्याला टेकवलेल्या फोनवर फ्रान्समधली, पॅरिसहून लिऑंला निघालेली रेल्वेगाडी दिसत होती आणि गाडीत खिडकीपाशी कोण, तर विहीणबाई! शोभनाताईंच्या पोटच्या पोरानं, निमिषनं, सासूला तिथे कौतुकानं बसवलं होतं.

"शोभनाताई, अहो काय गाडी आहे! पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही," वसुधाबाई खणखणीत आवाजात सांगत होत्या. "आणि बाहेर बघा, कशा पांढऱ्याशुभ्र गाई!"

"हो का? छान हो."

तेवढ्यात चित्र थिजलं आणि फोन कटला. शोभनाताईंनी सुरी आपटली.

"जळल्या त्या गाई! बाळंतपणाला आले मी, इथल्या बर्फात नात सांभाळली मी. आणि फ्रान्स बघायचं कोणी? नागपूरहून आयत्या आलेल्या बाईनं!"

नात उर्वी समोर दुधातलं सीरियल खात होती. सोळा वर्षांची. "पण आजी, बाबानं तुला विचारलं होतं. यू सेड नो."

"मी?"

"मला मेलीला काय करायचंय फ्रान्स, तुम्ही जा," उर्वीनं हुबेहूब नक्कल केली.

"अगं, तसं म्हणायचं असतं! पहिल्यांदा विचारल्यावर कोणी हो म्हणतं का? ताटात वाढतानासुद्धा आपण आधी नकोच म्हणतो ना? आग्रह म्हणून काही असतो की नाही?"

"नागपूरची आजी लगेच हो म्हणाली."

शोभनाताईंनी पुन्हा सुरी उचलली. काय बाई आहे! हो म्हणाली आणि मोकळी झाली. गाडीपेक्षा त्यांना आता त्या 'हो'चाच जास्त हेवा वाटायला लागला.

फोन पुन्हा वाजला. या वेळी निमिष होता. "सॉरी आई, नेटवर्क गेलं. ऐक ना, पुढच्या समरला परत यायचं म्हणतोय आम्ही. तू येतेस?"

"अरे, कशाला उगाच? माझे गुडघे हे असे. तुम्ही जा की."

"ओके आई. चल, ठेवतो मग."

उर्वीनं चमचा खाली ठेवला आणि आजीकडे नुसतं बघितलं.

"अरे, थांब मेल्या!" शोभनाताई फोनवर ओरडल्या. "येते! येते म्हणतेय ना! आणि खिडकीपाशी मी बसणार, वसुधाताईंना आत्ताच सांगून ठेव."

पलीकडून निमिषनं विचारलं, "आई, तुला या वेळीसुद्धा यायचं होतं?"

"मग काय तर," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते, म्हणून मान खाली घालून त्या चिरलेली भेंडीच पुन्हा चिरायला लागल्या.