'मला'ने सुरू होणारी वाक्यं

तिसरीच्या बाईंचा नियम सोपा होता. 'तू'ने सुरू होतं ते भांडण, 'मला'ने सुरू होते ती भावना. भावना सांगणाऱ्याला कुणी रागवायचं नाही आणि ऐकणाऱ्याने म्हणायचं, "सांगितल्याबद्दल आभारी आहे." चार वर्षं हंगामी नोकरीत चपला झिजवलेल्या बाईंना हा भावनांचा तास म्हणजे बुडत्याला काडीचा आधार होता. आज तपासणीच्या मॅडम मागच्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या. त्यांचा शेरा चांगला आला तर बाई कायम होणार, नाहीतर सुट्टी लागली की घरी.

आधी मॉनिटर उभी राहिली. गोगलगाय अन् पोटात पाय, अशी पोरगी. तिने खिडकीजवळच्या बोळ्याकडे तोंड केलं. बोळा म्हणजे कान वाहतो म्हणून सदा कापूस घालून येणारी मुलगी. खरं नाव हजेरीपुरतं.

"मला तुझ्या कानाच्या वासाने मळमळतं. मला वाटतं, तू लांब बसावंस," मॉनिटर गोड आवाजात म्हणाली.

"सांगितल्याबद्दल आभारी आहे," बोळा म्हणाली.

वाक्यात खोट काढायला जागा नव्हती. मॅडमनी मान डोलावून काहीतरी लिहिलं आणि वर्गाला रान मोकळं झालं.

"मला तुझ्याशी खेळायची लाज वाटते."

"मला तुझ्या डब्याची किळस येते."

"मला तू आली नाहीस की आनंद होतो."

प्रत्येकाला आभार. सातव्या आभाराला तिचा आवाज बसला. बाईंना कळत होतं, चांगलं कळत होतं. एक शब्द पुरे होता. पण पोरांना थांबवलं तर नियमच खोटा ठरला असता, आणि ती वही अजून उघडी होती. बाईंना स्वतःची लाज वाटली, पण नोकरीपुढे लाजेचं काही चाललं नाही.

अकराव्याला बोळा ओरडली, "तुम्ही सगळे दुष्ट आहात."

"बाई, हिने 'तुम्ही'ने सुरू केलं," वर्ग एका सुरात म्हणाला.

मॅडमनी मान वर केली. तेव्हा कुठे बाई खुर्चीवरून उठल्या.

"असं बोलतो का आपण? सगळ्यांची माफी माग बघू."

मुलगी एकेका बाकापुढे जाऊन माफी मागत फिरली. शिकवल्याप्रमाणे सगळ्यांनी हसून माफ केलं. मॅडमनी वही मिटली. "मुलंच मुलांना सुधारतात, वा. तुमचं काम झालं समजा," असं म्हणत त्या दाराकडे निघाल्या.

त्यांना पोचवायला बाई वळल्या, तर मुलगी समोर उभी.

"बाई, तुम्ही राहिलात. तुमची पण मागायची ना?"

मॅडम दारात थांबून कौतुकाने बघत होत्या.

"हो," बाई म्हणाल्या, "माग."